दारापर्यंत जाऊन परतणारे फादर

माझ्याशी सौदा करून जिंकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आयर्लंडमधला कॅथलिक पाद्री निघाला. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय. मी नाशिकरोडचा मंडप डेकोरेटर. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या खुर्च्या वाहायला लागलो, तिशीत स्वतःच्या चार हजार खुर्च्या केल्या. घाईला आलेले वधूपिते, निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी, मंडळांचे कार्यकर्ते, सगळ्यांशी रोज घासाघीस. माझा एक नियम होता: उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. यायचं असेल तर तो स्वतःच वळतो. असा मी. आणि मला हरवलं कुणी, तर झग्याच्या आत पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून प्रवचन करणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने!

फादर फिन्टन त्यांचं नाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात आणि त्यातले काही माझ्याकडून तंबू घेतात. किलकेनीपासून गाडीने पंचवीस मिनिटं, एवढं पुरे.

मी तिथे पोचलो तो असा. करोनात नाशिकचा धंदा बसला. माझ्या बायकोला, मंजिरीला, डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसावर, कागदोपत्री तिचा आश्रित होऊन, आलो. आश्रित! दोन वर्षं डब्लिनच्या ल्यूकन उपनगरात काढली. तिथली भाडी झेपेनात म्हणून या खेड्यात एक जुनं घर भाड्याने घेतलं. मंजिरी घरूनच काम करायची. मी एक व्हॅन घेतली, दोन तंबू घेतले आणि पुन्हा मंडपवाला झालो. इथल्या लोकांच्या लग्नाच्या पार्ट्या, आपल्या लोकांची डोहाळजेवणं, जे मिळेल ते. माल ठेवायला जागा तेवढी नव्हती. आणि चर्चला लागून पॅरिशचा हॉल रिकामा पडला होता. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीची गावं आणि त्यातली माणसं. अशा तीन चर्चेसचा भार फादर फिन्टन एकट्याने वाहत होते.

मी हॉल मागायला गेलो तेव्हा फादर शिडीवर होते. पन्हाळीतून कुजलेली पानं काढून खाली फेकत होते, आणि शिडी धरायला ब्रीडा. ब्रीडा म्हणजे चर्चची साफसफाई, फुलं, मेणबत्त्या, घंटा आणि फादर, या सगळ्याची व्यवस्था बघणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा.

"फादर, तंबूवाला आलाय," ती ओरडली.

"शिडी धर म्हणावं त्याला. तू चहा ठेव."

म्हणजे ओळख व्हायच्या आधी मी कामाला लागलो होतो! हे मला घरी गेल्यावर उमगलं.

खाली उतरले. उंच, वाकलेले, कमरेला निळी सुतळी. शेतकरी गवताचे भारे बांधतात ती प्लास्टिकची सुतळी, आणि तिला तीन चर्चेसच्या किल्ल्या लटकलेल्या. डोक्यावर चपटी लोकरी टोपी. चहा झाला, आल्याची बिस्किटं झाली. मी भाड्याचा विषय काढला. ते म्हणाले, भाडं नको. मी सावध झालो. भाडं नको म्हणणारा माणूस सगळ्यात महाग पडतो.

"काम हवंय," ते म्हणाले. "तिन्ही चर्चेसच्या पन्हाळी. आणि स्पीकर. आणि गेट."

"पन्हाळी एका चर्चच्या. स्पीकर बघतो."

"मंगळवारी एका बॅले क्लासलाही हॉल हवाय, विलास. त्यांनी तर रंग लावून देतो म्हटलंय."

"मग त्यांनाच द्या."

"बरं तर," म्हणाले. टोपी सारखी केली, उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. मी बिस्किट खात बसलो. ते वळले. "दोन चर्चेसच्या पन्हाळी."

मी चहाचा घोट घेतला. परत टोपी, परत दार. या वेळी बाहेर गाडीपर्यंत गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी दुसरं बिस्किट उचललं. गाडी बंद झाली. "दोन चर्चेसच्या पन्हाळी आणि स्पीकर, पण गेट राहू दे."

सौदा झाला. हातावर हात मारला. आणि बाहेर आल्यावर मी स्वतःवर असा चिडलो की व्हॅनच्या चाकाला लाथ घातली. गेट त्यांना कधीच नको होतं! गेट चांगलं धडधाकट होतं, येताना मीच ते उघडून आत आलो होतो! आणि घर त्यांचं, चहा त्यांचा, आणि उठून जातायत कोण, तर तेच! स्वतःच्या घरातून उठून जाणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

नंतर ब्रीडाने सांगितलं की त्यांचे वडील गुरांचे दलाल होते. लहानपणी प्रत्येक बाजाराला हा मुलगा बापाच्या मागे. "सेमिनरीत त्याला देव शिकवला," ती म्हणाली, "बाकीचं सगळं त्याला आधीच येत होतं."

त्यांच्या दिवसाचं काय सांगू! एका डिकीत पवित्र तेलाची बाटली, हातोडी, खिळे, उंदराचं औषध आणि जांभळा झगा. सकाळी एका चर्चमध्ये दफनविधी, दुपारी दुसऱ्याच्या छपरावर, संध्याकाळी तिसऱ्याच्या बॉयलरशी भांडण. आमच्या गावचा बॉयलर तर कायमचाच गेला होता. म्हणून ती रबरी पिशवी. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची मुख्य उपासना, सुरू व्हायच्या आधी ब्रीडा किटलीतून पिशवी भरायची आणि फादर ती झग्याच्या आत बांधायचे. सगळ्या गावाला माहीत होतं की पिशवी गार झाली की प्रवचन संपतं. थंडीत प्रवचन छोटं व्हायचं. एक शेतकरी मला म्हणाला, "जानेवारीतला धर्म मला जास्त पटतो."

मी हिंदू असून रविवारी तिथे कशाला, असं कुणी विचारेल. स्पीकर माझे होते! दुसऱ्याच्या हातात मी माझे स्पीकर देत नाही.

मार्चमध्ये फादर आमच्या घरी आले. हातात घडी करून करून फाटायला आलेला कागद. इकडे खेड्यांत एक जुनी रीत आहे. वर्षातून दोनदा पाद्री एखाद्या वस्तीतल्या घरी जाऊन तिथल्या टेबलावर मिस्सा करतो. शेजारपाजारचे सगळे येतात, मग नाश्ता. त्याला स्टेशन म्हणतात. घरांच्या पाळ्या ठरलेल्या. ज्याची पाळी, तो आधी महिनाभर घर रंगवतो, कुंपण छाटतो, पडदे बदलतो.

"नोरीनच्या घराची पाळी आहे," फादर म्हणाले. नोरीन म्हणजे आमच्या घराची जुनी मालकीण. वारून तीन वर्षं झाली होती.

"नोरीन नाही आता, फादर."

"घर आहे ना. पाळी घराची असते."

"आम्ही हिंदू आहोत."

त्यांनी छताकडे बघितलं. "घराला सांगितलंय का तसं?"

मंजिरी हसायला लागली. मी नाही हसलो. मला वास आला होता. या माणसाला गरज होती! मागच्या दोन पाळ्या घरं बंद म्हणून चुकल्या होत्या. तिसरीही चुकली असती तर ती वस्ती यादीतून गेली असती. गरजू माणूस समोर बसला की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं.

"हॉल हवा," मी म्हणालो. "सप्टेंबरमध्ये. आमच्या गणपतीला. दहा दिवस."

"दहा दिवस! येशूला आम्ही गोठ्यात ठेवला."

"पाच."

टोपी, दार, गाडी, सगळं यथासांग झालं. मी हाक मारली नाही. तिसऱ्यांदा तर ते रस्त्याला लागून गाडी उलटी चालवत परत आले. काच खाली करून म्हणाले, "दीड दिवस. आणि पुढची भिंत तू रंगवायचीस."

"दीड दिवस. भिंत रंगवतो. पण स्वयंपाकघरही आमचं."

हातावर हात.

स्टेशनच्या दिवशी मला वाटलं होतं दहा-बारा माणसं येतील. चाळीस आली! नोरीनचं घर तीन वर्षांनी उघडलं म्हणून माणसं पार पलीकडच्या वस्तीतून आली. मंजिरीने पहाटे उठून पोहे आणि शिरा केला होता, तो पुरेना म्हणून मी व्हॅन घेऊन पाव आणायला पळालो. ब्रीडा पोह्यांकडे बघून म्हणाली, "नोरीन सॉसेज करायची." मग दोनदा घेतले आणि म्हणाली, "हे पिवळं ग्रँड आहे हं."

मिस्सा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्याच्या मागच्या फळीवर आमचे देव: गणपती, बाळकृष्ण, कुलदेवीचा टाक. मी विचारलं, "फादर, पडदा ओढू का?" त्यांनी देवांकडे नीट बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "धर ती बाजू." आम्ही दोघांनी टेबल उचलून आडवं फिरवलं. चाळीस माणसांना सरकावं लागलं, एकाचा पाय चेंगरला.

"आता कशाला हलवलंत?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे पाठ झाली असती. त्यांच्या घरात बरं दिसत नाही ते."

असं होतं या माणसाचं. आता मी राग तरी कसा धरावा? पण धरलाय. पुढे येईल.

जुलैत त्यांचा कबरींचा रविवार असतो. वर्षातून एकदा अख्ख्या पॅरिशची माणसं दफनभूमीत जमतात. डब्लिनहून, लंडनहून येतात. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीपाशी उभा राहतो, आणि पाद्री प्रार्थना म्हणून प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतो. वर्षभर चर्चमध्ये पस्तीस डोकी, आणि त्या दिवशी गाड्या लावायला जागा नाही! मी तर खूशच झालो. असली गर्दी बघून किती दिवस झाले होते! भोंगे लावले, वेदीवर तंबू ठोकला. आणि बघतो तर म्हाताऱ्या बायका ओल्या गवतात तास-तास उभ्या.

"फादर, खुर्च्या का नाहीत?"

"कधीच नव्हत्या."

"हॉलमध्ये शंभर पडल्यात की!"

मी वाटाघाट न करता खुर्च्या आणल्या. हेही लिहून ठेवतो, कारण असं मी सहसा करत नाही. कबरींच्या मधल्या वाटा वाकड्या, जमीन उंचसखल. पण खुर्ची कुठे टेकते ते माझ्या हाताला कळतं. एकेका कबरीशी एकेक मांडली. ब्रीडा तिच्या नवऱ्यापाशी बसली. पर्स मांडीवर ठेवली, पाय लांब केले.

"एकवीस वर्षं मी याच्याशी उभ्याने बोलतेय," ती मला म्हणाली. "दर वेळी गुडघे दुखायला लागले की संपवायचं. आज सगळं सांगते त्याला."

आभाळ भरून आलं होतं. फादर बादली आणि ब्रश घेऊन कबरींमधून अक्षरशः धावत होते. चुना मारायचा ब्रश! डावीकडे सपकारा, उजवीकडे सपकारा, तोंडाने प्रार्थना, मध्येच ओळखीच्याला "आई कशी आहे?" पाऊस यायच्या आत शेवटची कबर गाठली, ब्रश बादलीत टाकला आणि धापा टाकत माझ्याजवळ आले. गर्दीकडे बघून म्हणाले, "येतात, विलास. माझ्याकडे येत नाहीत, पण येतात."

सप्टेंबरात शब्द पाळला. हॉल दीड दिवस आमचा. किलकेनीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर, नर्सेस, ल्यूकनचे आयटीवाले, पार पश्चिमेच्या ट्रलीहूनसुद्धा एक कुटुंब तीन तास गाडी चालवत आलं. झांजा, आरती, पोरं आयरिश इंग्रजीत आरडाओरडा करतायत, आया मराठीत. फादर आले, पहिल्या रांगेत बसले, मोदक खाल्ले. आणि मी बघितलं, ते मोजत होते. ओठ हलत होते.

"यांना कोण मोजतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"तुझ्या देवाचं बरं आहे."

तेव्हा मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ब्रीडाने सांगितलं. बिशपांकडून पत्र आलं होतं. पाद्री उरलेत थोडे, फादरांचं वय झालेलं. तीनपैकी एका चर्चची रविवारची मिस्सा बंद करायची. ऑक्टोबरचे चारही रविवार तिन्ही ठिकाणी डोकी मोजणार, आणि जिथे सगळ्यात कमी, ते जाणार. आमच्या गावचं चर्च फादरांच्या आजोबांनी दगड वाहून बांधलेलं. त्या वेदीसमोर त्यांच्या आईवडिलांचं लग्न झालं, तिथेच त्यांनी पहिली मिस्सा केली. आणि डोकी इथेच सगळ्यात कमी.

पहिल्या रविवारी मोजणारा आला. किडकिडीत माणूस, शेवटच्या बाकावर बसला, मुठीत ते टिक-टिक करणारं यंत्र. पस्तीस टिकटिक झाले. दुसऱ्या रविवारी एकतीस. दुसऱ्या चर्चपासून अंतर फार नव्हतं, वीसेक डोक्यांचं.

मी सरळ फादरांकडे गेलो. "तुमच्यापुढे कोण उभा आहे माहीत आहे का? मी भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पुढारी तीन तास उशिरा येणार हे ठाऊक असताना मैदानं भरवलीत! मला एक रविवार द्या. साठ माणसं आणतो."

"नको," ते म्हणाले.

"पन्नास."

"नको, विलास."

आता इथे माझी काय चूक झाली ते सांगतो. नऊ महिने या माणसाच्या तोंडून मी शंभर वेळा "नको" ऐकलं होतं, आणि प्रत्येक "नको"चा अर्थ "थोडं पुढे ये" असा निघाला होता. हॉलचं नको, गणपतीचं नको, सगळी तसलीच. मला वाटलं, हेही त्यातलंच. पाद्री आहे, तोंडाने हो म्हणणार नाही, आपण समजून घ्यायचं. टोपीसुद्धा त्यांनी त्या दिवशी घातली नव्हती. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी मी माणसं आणली. किलकेनीचा व्हॉट्सॲप ग्रुप, ल्यूकनचा ग्रुप, गणपतीला आलेले सगळे. नंतर हॉलमध्ये मिसळ, असा मेसेज. मंजिरी म्हणाली, "त्यांना विचारलंयस ना?" मी म्हणालो, "झालंय बोलणं." अठ्ठावन्न माणसं आली! वेळेवर! आपली माणसं, सकाळी, वेळेवर! बाकं भरली. गावकरी वळून वळून बघत होते. एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "मम, इज देअर गोइंग टू बी आरती?" मागे यंत्र सुरू झालं. टिक-टिक-टिक-टिक. काय सांगू, त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. जिंकलो होतो आम्ही!

फादर बाहेर आले. पिशवीमुळे पोट पुढे. वेदीपाशी आले, मान वर केली आणि थांबले. एकेका बाकावरून नजर फिरवली. टिकटिकही थांबली.

"आज आपल्याकडे पाहुणे आहेत," ते म्हणाले. "माझा मित्र विलास, त्याच्या शब्दाखातर लांबून आलेत. आणि मला वाटतं, नाश्त्याखातरही. या पॅरिशचे नाहीत, पण आमच्या घरी आलात, मनापासून स्वागत. जरा उभे राहता का? आम्हाला तुम्हाला बघू दे."

अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न उभी राहिली. हसत, हात जोडून. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे तो किडकिडीत माणूस बोट नाचवत उभ्या माणसांना मोजत होता. वजा करायला.

मिस्सा संपल्यावर मी स्पीकर तसेच टाकले आणि वेदीमागच्या त्या छोट्या खोलीत घुसलो, जिथे ते झगा बदलतात. ब्रीडा होती, ती बाहेर गेली.

"हे काय केलंत?" मी मराठीतच ओरडलो. मग इंग्रजीत ओरडलो. "वर्षभर माझ्याशी खोटं बोललात! तो बॅले क्लास कुठाय?"

"कुठला बॅले क्लास?"

"मंगळवारी हॉल मागणारा! रंग लावून देणारा!"

"अच्छा, तो." ते झग्याच्या गाठी सोडत होते. "तुला खरा वाटला होता?"

"नाही!"

"मग?"

मी खोलीचं दार धाडकन लावलं.

"सौदा करताना तू कोण आणि मी कोण, दोघांना माहीत असतं," ते म्हणाले. "त्या मागच्या माणसाला कुणी काही सांगितलेलं नाही. तो बिचारा नुसता मोजतोय."

"चर्च जाईल!"

"हो," ते म्हणाले. "जाईल."

त्यांनी पोटावरची पिशवी सोडली, बूच काढलं आणि गार पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. ते पाणी संपायला किती वेळ लागला! मी तिथे उभा राहू शकलो नाही. बाहेर हॉलमध्ये अठ्ठावन्न माणसं आणि एकतीस गावकरी मिसळ खात होते, डोळ्यांतून पाणी काढत, फार मजा चालली होती. फादर दहा मिनिटांत आले आणि प्रत्येकाशी हात मिळवत फिरले.

नाताळाआधी पत्र आलं. जानेवारीपासून आमच्या चर्चची रविवारची मिस्सा बंद. दफनविधी आणि वर्षातला कबरींचा रविवार, एवढं राहील. ते पत्र फादरांनी स्वतः वाचून दाखवलं, सरळ आवाजात. माझ्याच स्पीकरवर.

माझं म्हणणं आजही तेच आहे. एक रविवार तोंड मिटून राहिले असते तर काय झालं असतं? माझी माणसं खरी होती! पुठ्ठ्याची नव्हती! पाय होते, डोकी होती, बाकावर बसली होती. आणलेली गर्दी परत पाठवणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माल हॉलमधून हलवला, गावाबाहेर एक शेड घेतली. ब्रीडा रस्त्यात भेटली की म्हणायची, "तो विचारत होता तुझं." मी म्हणायचो, "बरं." मंजिरी म्हणायची, "तुला तुझ्या साठ माणसांचं दुःख आहे, त्यांच्या चर्चचं नाही." बायकोला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

मे महिन्यात ते शेडवर आले. चालत. मिस्सा बंद झाल्यापासून बारीक झाले होते. कमरेची निळी सुतळी होती, किल्ल्या नव्हत्या. उद्या ट्रलीला चाललो म्हणाले, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरात. तिन्ही चर्चेस आता एका तरुण पाद्र्याकडे, त्याच्याकडे आधीच चार आहेत.

मी खुर्ची दिली. चहा विचारला नाही.

"हॉल बंद होतोय," ते म्हणाले. "शंभर खुर्च्या आहेत. तू घे."

"काय घेणार त्याचं?" मी विचारलं.

"दर वर्षी कबरींच्या रविवारी त्या तिथे मांडायच्या. तू. तंबू आणि भोंगेही. तो पोरगा सात चर्चेस धावणार, तो खुर्च्या नाही मांडणार."

"किती वर्षं?"

"तू इथे आहेस तोवर."

"पाच वर्षं," मी म्हणालो.

"तू आहेस तोवर."

"पाच. त्या खुर्च्यांचे अर्धे पाय वाकलेत, फादर."

"तीन वाकलेत. मी मोजलेत."

"पाच वर्षं. शेवटचं."

"बरं तर," ते म्हणाले, आणि टोपी घातली.

मला इतकं बरं वाटलं! सात महिन्यांचा राग बाजूला ठेवून सांगतो, त्या टोपीला बघून मला बरं वाटलं. मी फडकं उचललं आणि एक खुर्ची पुसायला घेतली, सवयीप्रमाणे. ते शेडच्या दारापर्यंत गेले. आता कडीला हात लावतील आणि वळतील. वळले नाहीत. बरं, गाडी नाही, म्हणजे फाटकापाशी वळतील. फाटक उघडलं, बंद झालं. माझं फडकं चाललंच होतं. तिसऱ्या वेळेला ते नेहमी रस्त्याला लागून परत येतात, मला माहीत आहे. मी दारात येऊन उभा राहिलो.

ते चर्चच्या बाजूला चालले होते. वाकून, हळूहळू, झुडपांच्या कुंपणाकडेने. पुढे वळण, आणि वळणानंतर काही दिसत नाही. माझ्या घरच्या देवांना पाठ दाखवायची नाही म्हणून चाळीस माणसांना हलवणारा माणूस, आणि मला पाठ दाखवून चालला होता! वळण वीस पावलांवर आलं. दहावर आलं.

"फादर!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "कबूल! मी आहे तोवर! कबूल!"

ते थांबले नाहीत. वळले नाहीत. नुसती टोपी काढून हवेत उंच धरली, दोनदा हलवली आणि वळणाआड गेले.

हसत असणार. मला दिसलं नाही, पण हसत असणार.